थट्टेचे सोयरे

देशाच्या पार उत्तरेला, कसामाच्या शिक्षक-कॉलेजात मी बत्तीस वर्षं रजिस्ट्रार होतो. लोकांनी अर्ज भरून आणायचे आणि मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते परत पाठवायचे, असं ते काम होतं. या कामात माणसाला एक आजार जडतो. आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटायला लागतं. निवृत्तीच्या दिवशी मला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तिघांनी भाषणं केली, त्यातल्या दोघांनी माझं नाव चुकीचं घेतलं. पुढच्याच सोमवारी बाजारात कॉलेजचा शिपाई भेटला. टोमॅटो चाचपत म्हणाला, "काय बा मुबांगा, आता दिवसभर करता तरी काय?" 'बा' आमच्याकडे बाईला असो की पुरुषाला, आदरानं लावतात, पण त्यानं तो ज्या सुरात लावला त्यात आदर औषधालाही नव्हता.

त्यातच आमची थोरली, म्विला, किटवेला बाळंत झाली आणि बायको तीन महिन्यांसाठी तिकडे गेली. जाताना मला कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करायचं काम नेमून दिलं. मी हातोडी घेऊन खुराड्यापुढं बसलो, खिळे ठेवायला खाली वर्तमानपत्र पसरलं, तर त्यात जाहिरात: लिव्हिंगस्टनला नवं कॅसिनो हॉटेल उघडलंय, दोन रात्री, तीन दिवस, या आणि राजासारखे राहा. मी खिळे बाजूला केले आणि जाहिरात दोनदा वाचली.

आमच्याकडे माणूस हॉटेलात राहत नाही. प्रत्येक गावात भाचा, पुतण्या, बायकोच्या मावशीचा जावई असा कुणी ना कुणी असतोच. त्याच्याकडे चटईवर झोपायचं, त्याचा मक्याच्या पिठाचा न्शिमा आणि भाजी खायची, आणि निघताना त्याच्या पोरांना अभ्यासावर उपदेश करायचा. पैसे देऊन परक्याच्या घरात एकटं झोपणं म्हणजे घरच्यांशी भांडण झाल्याची जाहीर कबुली. म्हणून मी कुणाला बोललो नाही. बायकोला फोनवर सांगितलं, खुराड्याचं काम मोठं निघालंय, आठवडाभर फोन घेता येईल असं वाटत नाही. खुराड्यात कोंबड्या सहा.

खरं सांगतो, मला विश्रांती नको होती. तिथला प्रसिद्ध धबधबा मी शाळेच्या सहलीत पाहिलाय, जुगाराचा मला गंध नाही. कुणीतरी दार उघडून "या, मिस्टर मुबांगा, या" असं म्हणावं, एवढ्यासाठी मी दोन दिवस बस बदलत देशाच्या या टोकापासून त्या टोकाला गेलो. आणि तेही सूट घालून. ऑक्टोबरच्या कडक उन्हात लिव्हिंगस्टनला सूट घालणारा माणूस एक तर मंत्री असतो, नाहीतर मूर्ख. मंत्रिमंडळाशी माझा काही संबंध नाही.

गावातले लोक त्या हॉटेलला काचेचं वारूळ म्हणतात. फिरत्या दारात मी बॅगेसकट दोनदा फिरलो आणि तिसऱ्यांदा आत पडलो. आत एवढा गारठा की घामानं भिजलेला शर्ट पाठीला बर्फासारखा चिकटला. डावीकडून जुगाराच्या यंत्रांचा किणकिणाट येत होता, भर दुपारी. मी टाय सरळ केला आणि काउंटरपुढं उभा राहिलो.

काउंटरमागं पंचविशीची मुलगी होती. केस घट्ट बांधलेले, गळ्याला रुमाल. "नमस्कार सर, आपलं स्वागत आहे. आपलं नाव?"

"मिस्टर क्रिस्पिन मुबांगा. निवृत्त रजिस्ट्रार."

"राहणार, सर?"

"कसामा."

तिची बोटं थांबली. मी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. थोकोझिले जेरे. म्हणजे न्गोनी, आणि साधीसुधी न्गोनी नव्हे, राजाच्या कुळातली.

इथं दोन शब्द सांगायला हवेत. आम्ही बेंबा आणि ते न्गोनी, आमच्या पणजोबांनी एकमेकांशी लढाया केल्या. कोण जिंकलं यावर अजून वाद आहे, म्हणजे आम्ही जिंकलो. लढाया संपल्यावर म्हाताऱ्यांनी ठरवलं की यापुढं भाले ठेवून तोंडं चालवायची. तेव्हापासून आम्ही थट्टेचे सोयरे. रस्त्यात अनोळखी न्गोनी भेटला तरी त्याला चोर म्हणायचं, त्यानं मला माकडखाऊ म्हणायचं, आणि कुणी कुणाचा राग धरायचा नाही. मयताच्या घरी सगळे रडत असताना हसवायला हेच सोयरे येतात. चारचौघांत मी न्गोनी माणसाशी नीट बोललो तर तो घरी जाऊन बायकोला विचारेल, मुबांगाचं मन माझ्याकडून दुखावलंय का? या थट्टेचा कायदा एकच, चेहरा गंभीर ठेवायचा. आधी हसेल तो हरला.

पण मी इथं मोठा माणूस म्हणून आलो होतो. मी ओठ घट्ट मिटले.

मुलीनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "कसामा. म्हणजे बेंबा."

"असेन."

"तरीच म्हटलं, हे दारात दोनदा का फिरलं. शेपूट अडकलं होतं!"

काय सांगू, दोन दिवसांचा प्रवास अंगावरून उतरला. निवृत्त झाल्यापासून माझ्याशी इतकं आपुलकीनं कुणी बोललं नव्हतं. मोठा माणूस वगैरे सगळं विसरलो.

"मुली," मी म्हणालो, "आमच्या आजोबांनी तुझ्या आजोबांना पिटाळलं तेव्हा ते थेट पूर्वेला चिपाटाला जाऊन थांबले. तू इथवर पोचलीस, म्हणजे तू अजून पळतेच आहेस की काय?"

"पळत नव्हते, म्हाताऱ्या. गुरं हाकत होते. तुमची! तुमच्याकडं मागं उरली माकडं, मग तुम्ही तीच खाल्लीत."

"आणि तुम्ही उंदीर. लोक म्हणतात या हॉटेलात औषधालाही उंदीर सापडत नाही, फार स्वच्छता आहे. तुला नोकरीवर का ठेवलंय ते आत्ता कळलं."

तिनं गाल आतून चावला. हसू अगदी ओठाशी आलं होतं. पण पोर राजाच्या कुळातली, तिनं ते गिळलं आणि जरा मोठ्यानंच म्हणाली, "खोली कितव्या मजल्यावर देऊ? का बाहेरचं आंब्याचं झाड बरं पडेल? सूट घातला म्हणून माकडाचा रजिस्ट्रार होत नाही!"

वार जबरदस्त होता. मी काउंटरवर मूठ आपटली, डोळे वटारले, नाकपुड्या फुगवल्या. मागच्या रांगेतले पाहुणे एक पाऊल मागं सरकले.

"सर? काही अडचण आहे का?"

बाजूला उंच गोरा माणूस उभा होता. पट्टीवर लिहिलं होतं, ब्रूनर, मॅनेजर. पुढं कळलं, तो स्वित्झर्लंडचा, आमच्या देशात येऊन त्याला सात आठवडे झाले होते.

इथं शहाण्या माणसानं हसून सांगितलं असतं, काही नाही हो, आमची थट्टा चाललीय. पण मग मी हरलो असतो. आणि जेरेंच्या पोरीकडून हरायचं? तेही रांगेतल्या लोकांसमोर? मी चेहरा आणखी गंभीर केला.

"अडचण? या मुलीनं मला माकड म्हटलं, साहेब. हिच्या आजोबांनी आमच्या आजोबांच्या चटया वाहिल्यात! माझं ऐकाल तर हिला आजच्या आज चिपाटाला परत पाठवा. पायी. पळायची सवय आहे त्यांना."

मी थोकोझिलेकडं पाहिलं. तिचे ओठ थरथरत होते. हसू आवरतेय, मी मनात म्हटलं, जिंकलो!

"सर, हे माझे..." ती बोलू लागली.

"मिस जेरे, आत चला," ब्रूनरसाहेब हळू म्हणाले. मग माझ्याकडं वळून त्यांनी मान लववली. "मला अतिशय खेद वाटतो, सर. मी स्वतः लक्ष घालतो."

मला तो माणूस आवडला. गोरा असून किती छान साथ देतोय, चेहऱ्यावर हसण्याची रेघसुद्धा नाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मी दाखवला, आणि वर स्वतःचं कौतुक केलं.

मी साधी खोली घेतली होती. मला नेलं ते सर्वात वरच्या मजल्यावर. दोन खोल्या, तीन माणसं आडवी झोपतील असा पलंग, पायऱ्या चढून उतरायचा टब, आणि खिडकीत अख्खी झांबेझी नदी. टेबलावर फळांची टोपली आणि ब्रूनरसाहेबांच्या अक्षरात चिठ्ठी: झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. कसला त्रास ते मला कळेना. शेवटी मी ठरवलं, लिफ्टला उशीर झाला त्याबद्दल असेल. मोठ्या हॉटेलांची हीच तर रीत. आरशापुढं उभा राहून मी बराच वेळ स्वतःकडं पाहिलं. सूटनं काम केलं होतं. शेवटी कुणीतरी मला ओळखलं, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

टबात बसून मी दोन अननसांच्या फोडी, चार केळी आणि एक नाव माहीत नसलेलं फळ खाल्लं. मग सूट पुन्हा चढवून जुगाराच्या दालनात गेलो. तिथंही मला फुकट चकत्या दिल्या. त्या मी एका यंत्रात घातल्या. दिवे लागले, गाणं वाजलं आणि यंत्रानं चकत्या ठेवून घेतल्या. शेजारच्या बाईनं सांगितलं की जे दिवे पाहून मी टाळ्या वाजवल्या ते तिच्या यंत्राचे होते.

संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा मुख्य आचारी स्वतः येऊन वाकून गेला. वाढप्याच्या पट्टीवर लुंगू नाव होतं, म्हणजे तोही पूर्वेकडचा न्गोनीच, म्हणून मी त्याला म्हणालो, "काय रे, या रश्श्यात उंदराची शेपटी नाही ना राहिली?"

त्याच्या हातातली पळी खाली पडली. "माफ करा सर," तो म्हणाला. "चूक झाली सर. माफ करा."

"अरे, बोल की काहीतरी!"

"माफ करा सर," म्हणून तो गेला तो परत आलाच नाही. बाकीचे सगळे "हो सर", "नाही सर", "लगेच सर" एवढंच बोलत होते आणि माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी पाहत होते. पंचतारांकित शिस्त, मी मनाशी म्हटलं. पण जेवण अर्ध्यावर सोडून मी उठलो.

सकाळी खोली झाडायला एक पन्नाशीची बाई आली. बा चिलुफ्या. आमच्याच बाजूची, बोलीवरून लगेच कळलं. मी खूष होऊन विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?"

तिनं फळांची टोपली उचलली, तळाशी राहिलेली केळ्यांची सालं पाहिली. "गोड होती का, बा मुबांगा?"

"फार गोड."

"असणारच. त्या जेरेच्या पोरीची नोकरी होती त्यात."

मी पलंगावर बसलो. तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि लहान पोराला सांगावं तसं सगळं सांगितलं. पाहुण्याला माकड म्हणाली म्हणून थोकोझिलेला काल दुपारीच कामावरून थांबवलं होतं. पाहुण्यानं स्वतः तक्रार केली, तिला परत पाठवा म्हणून सांगितलं, असं कागदावर आहे. आज तीन वाजता चौकशी, आणि चौकशी म्हणजे काय, हातात पत्र. पोरीनं दोन वर्षं हॉटेलाचा अभ्यास केला, नोकरी लागून सहा आठवडे झाले, अजून कायमही झालेली नाही. असं नाव खराब होऊन गेली तर दुसरं कुठलं हॉटेल तिला दारात उभं करणार?

"पण ती थट्टा होती!" मी म्हणालो.

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. त्या गोऱ्याला कुणी सांगितलं? तुम्ही तर मूठ आपटलीत."

"तुम्ही का नाही सांगितलंत? तुम्ही सगळ्यांनी?"

"आमच्याही नोकऱ्या सहाच आठवड्यांच्या आहेत," ती म्हणाली आणि झाडू घेतला. "बत्तीस वर्षं रजिस्ट्रार होतात म्हणे. कागदावर चढलेलं खाली उतरत नाही, हे आम्ही तुम्हाला सांगायचं?"

मी सूट न घालताच खाली धावलो. कर्मचाऱ्यांच्या दारापाशी, कडुनिंबाखालच्या बाकावर थोकोझिले बसली होती, चौकशीची वाट पाहत. घरचे कपडे, मांडीवर पर्स. मला पाहून ती उठून उभी राहिली. दोन्ही हात पुढं जोडलेले.

"अगं, बस," मी म्हणालो. "उंदीरखाऊ कुठली, उभी कशाला राहतेस?"

"सुप्रभात, सर. आपली झोप चांगली झाली का?"

"थोकोझिले, मी आत्ता जाऊन सांगतो त्याला..."

"आपल्या मनाला येईल तसं करा, सर."

तिनं मला हाकलून दिलं असतं, चप्पल फेकून मारली असती, तरी मी ते खाऊन घेतलं असतं. ते 'सर' मात्र सहन होईना. तिथं उभं राहून मला स्वतःची अशी लाज वाटली की कानशिलं तापली.

ब्रूनरसाहेबांनी मला खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते.

"आपण फार उदार आहात, सर," ते म्हणाले. "मिस जेरेही हेच म्हणाल्या, आपण नातेवाईक आहात. मी विचारलं, कोणत्या नात्यानं? त्यांना सांगता येईना. आपल्याला त्यांच्या वडिलांचं नाव माहीत आहे?"

"नाही."

"आपण आधी कधी भेटला होतात?"

"नाही."

"तरी त्या आपल्या नात्यातल्या."

"हो. सगळेच न्गोनी माझ्या नात्यातले आहेत."

"सगळे? किती असतील?"

"चार-पाच लाख," मी म्हणालो. माझ्याच कानांना ते वेड्याचं बोलणं वाटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता. "मिस्टर मुबांगा, पाहुण्याला दया येते आणि तो तक्रार मागं घेतो, असं मी वीस वर्षं पाहतोय. म्हणून अपमान झालाच नाही, असं होत नाही. मी इथल्या अकरा जणांना विचारलं. एकही जण म्हणाला नाही की ही इथली रीत आहे. आपण म्हणता ते खरं असेल तर मला दाखवा. तीन वाजेपर्यंत मी थांबतो."

मग मी वर जाऊन सूट-टाय चढवला आणि माझी वरात निघाली. पाहुणे हॉटेलात जेवण मागतात, टॉवेल मागतात, मी मजल्यामजल्यावर शिव्या मागत फिरलो. लुंगूला कोपऱ्यात गाठलं, "मला माकड म्हण, साहेबांसमोर, एकदाच!" तो म्हणाला, "माफ करा सर." पोहण्याच्या तलावापाशी एक झुलू आडनावाचा, म्हणजे न्गोनीच, माळी होता, तो मला पाहताच झाऱ्यासकट पळाला. जुगाराच्या दालनातल्या पत्ते वाटणाऱ्या पोरीनं तर सरळ पहारेकऱ्याकडं पाहिलं. बारा वाजले. दिवाणखान्यात येऊन मी मटकन बसलो, आणि समोरच्या फळ्यावर नजर गेली. वरच्या सभागृहात कुठल्याशा चर्चची विवाह-सल्ल्याची सभा होती. स्वागत, बिशप लेव्ही न्झिमा, चिपाटा.

न्झिमा. चिपाटा. न्गोनी असणार. पण बिशप! आणि न्झिमा आडनावाचा असला तरी आई कुठली, स्वभाव कसा, कुणाला ठाऊक? हा धर्माचा माणूस, थट्टा सोडून दिलेला असला तर? मग मला उचलून बाहेर टाकतील, पोलिसात देतील, वर्तमानपत्रात नाव येईल, आणि खुराडं दुरुस्त करणारा नवरा लिव्हिंगस्टनच्या कॅसिनोत बिशपला शिव्या देताना पकडला गेला हे माझ्या बायकोला किटवेत कळेल. तरी मी टाय सरळ केला आणि दाराकडं डोळे लावून बसलो.

गाडी आली. ब्रूनरसाहेब दारापर्यंत सामोरे गेले. जांभळा झगा घातलेला, ढोलासारख्या पोटाचा उंच म्हातारा फिरत्या दारातून आत आला. मागं चर्चच्या चार बाया, दोन पाद्री. मी मध्ये जाऊन उभा राहिलो.

"कुणी आत सोडलं या गुरंचोराला?" मी ओरडलो. आवाज चिरकला. "आणि हा झगा कुणाच्या दोरीवरून उचललास रे? वाळलाय तरी का नीट?"

एका बाईनं छातीवर हात ठेवला. दोन पहारेकऱ्यांनी मला दोन्ही दंडांना धरलं. ब्रूनरसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

बिशप सावकाश माझ्यापाशी आले. त्यांनी मला बुटांपासून टकलापर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, संपलं.

"सोडा त्याला," ते म्हणाले. "दंड धरू नका. बेंबाला जमिनीवर चालायला शिकून थोडेच दिवस झालेत, तोल जाईल."

मला रडू आलं. खरंच आलं, चारचौघांत. बिशपांनी माझा टाय धरून पुढं ओढला. "आणि हे काय? तुझ्या मालकानं दोरी गळ्यात तशीच ठेवून सोडलंय तुला?" त्यांनी तो टाय सोडवला आणि आपल्या खिशात घातला. सोयऱ्याची वस्तू सोयऱ्यानं उचलली तर मागायची नसते. मी "चोराचा वंश!" एवढंच कसंबसं म्हणालो. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. तो लुंगू होता. त्याच्यामागून पत्ते वाटणारी हसली, माळी हसला, बा चिलुफ्या जिन्यावरून टाळ्या पिटायला लागल्या.

ब्रूनरसाहेब अजून तसेच उभे होते. बिशपांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हा माणूस मला 'सुप्रभात, महाराज' म्हणाला असता ना," ते म्हणाले, "तर मी विचारलं असतं, घरी कुणी गेलं का?"

तीन वाजता चौकशी झाली ती पाच मिनिटांची. थोकोझिलेची नोकरी राहिली. पण हॉटेलाला नियम असतात, आणि ब्रूनरसाहेबांना वरच्यांना उत्तर द्यायचं होतं. त्यांनी तिच्याकडून लिहून घेतलं की पाहुण्यांशी यापुढं ठरवून दिलेल्या शब्दांतच बोलेन, मग पाहुणा कुणी का असेना. तिनं सही केली. अर्ज, सही, फाईल. या धंद्यात मी जन्म घालवला, तरी तो कागद मला पहिल्यांदाच एवढा वाईट दिसला.

शनिवारी सकाळी मी बॅग घेऊन काउंटरवर गेलो. ती होती. केस घट्ट, गळ्याला रुमाल. मी रात्रभर एक शिवी घडवून ठेवली होती, तिच्या पणज्याच्या ढालीबद्दलची, फार सुंदर होती ती. मी ती दिली.

"धन्यवाद, सर," ती म्हणाली. "आपला मुक्काम कसा झाला?"

"थोकोझिले, हे नियमामुळं की रागामुळं?"

"खोलीची किल्ली, सर."

मी किल्ली ठेवली. तिनं कागद पुढं सरकवला, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं. डोळे माझ्या डोक्याच्या वर कुठंतरी. मला आत तुटल्यासारखं झालं. माफी मागायला गेलो असतो तर तिनं तीही ठरलेल्या शब्दांत स्वीकारली असती.

तेवढ्यात ब्रूनरसाहेब आले. चेहरा उजळलेला. त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखं करून चेहरा मुद्दाम गंभीर केला.

"पुन्हा या हं," ते म्हणाले. "म्हाताऱ्या माकडा."

त्यांच्या मनात काही नव्हतं. शपथेवर सांगतो, तो माणूस मला मान देत होता, जसा त्याला कळला तसा. पण माझे वडील तांब्याच्या खाणीत बारा वर्षं होते, आणि गोऱ्या मुकादमाच्या तोंडून कधी कधी हा शब्द ऐकून ते घरी यायचे. त्या दिवशी ते कुणाशी बोलायचे नाहीत. परवा याच शब्दानं माझं मन भरलं होतं. आता मात्र हसता येईना, रागावताही येईना. लुंगू ताट घेऊन चालला होता, तो जागीच थांबला. ब्रूनरसाहेबांना काहीतरी चुकल्याचं कळलं, काय ते कळेना.

काउंटरमागून आवाज आला.

"मिस्टर ब्रूनर," थोकोझिले म्हणाली. तिनं पेन खाली ठेवलं होतं. सही करून दिलेला तो कागद अजून तिच्या मागच्याच खोलीत होता, आणि तिला ते माहीत होतं. "हे माकड माझं आहे. तुमचं नाही."

ब्रूनरसाहेब कानापर्यंत लाल झाले. मग म्हणाले, "माफ करा, मिस जेरे." आणि माझ्याकडं वळून, "माफ करा, मिस्टर मुबांगा." आणि ते गेले.

मी काउंटरला धरून उभा होतो.

थोकोझिलेनं पेन उचलून माझ्या हातात दिलं. "कर सही, म्हाताऱ्या," ती म्हणाली. "मागं लोक खोळंबलेत."